नत्थुजी मापाऱ्याचा बारदाना

मी काटा बोलतोय. बाभळीचा नव्हे, घड्याळाचाही नव्हे, वजनाचा. तसं पाहिलं तर माझ्या अंगात काटा नावाची वस्तूच नाही. मी आहे एक चौकोनी पत्रा, वर काळं रबर, आणि समोरच्या दांड्यावर लाल आकड्यांची पाटी. पण वऱ्हाडात जो वजन सांगतो तो काटा, मग त्याला काटा असो की नसो. मी वाद घालत नाही. मला वाद घालताच येत नाही, हेच तर माझं दुखणं. या जन्मात मला एकच वाक्य बोलता येतं, तेही आकड्यात. तेवढ्यावर मी माझी इज्जत सांभाळून आहे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जन्मल्याबरोबर थर्माकोलात गुंडाळून खोक्यात घातलं, आणि डोळे उघडले ते थेट अकोल्यात, एका ‘वजन घटवा’ केंद्रात. तिथली मजा काय सांगू! बाया माझ्यावर चढायच्या आधी कानातलं काढायच्या, बांगड्या काढायच्या, केसातल्या पिनासुद्धा काढून ठेवायच्या. एक बाई तर मोठ्ठा श्वास बाहेर सोडून मगच पाय ठेवायच्या, पोटातल्या हवेचं वजन नको म्हणून. एक काका म्हणाले, “थांबा, जरा केस कापून येतो.” आले ते चकोट करून. आकडा तोच. मग सगळ्यांचा राग निघायचा माझ्यावर. “हा काटाच खराब आहे!” असं म्हणून एकेकानं मला पायानं ढोसलं आहे. पुढे केंद्राच्या मालकीणबाईंनी शेजारीच कचोरीचं दुकान टाकलं. ते धो धो चाललं आणि केंद्र बंद पडलं.

तिथून मी अमरावतीला आलो, कर्करोगाच्या एका दवाखान्यात. डॉक्टर पौर्णिमा मॅडमनी मला आणवलं. त्यांच्याकडे एका औषधाचा अभ्यास चालू होणार होता. पोटाच्या कर्करोगावर जुन्या औषधाच्या जोडीला एक नवं औषध दिलं तर माणूस जास्त दिवस आणि जास्त बरा जगतो का, आणि त्यापायी त्याला त्रास किती सोसावा लागतो, हे बघायचं होतं. देशभरातल्या बऱ्याच दवाखान्यांत एकाच वेळी. आता हे औषध काही साखरेसारखं चमच्यानं घालत नाहीत. माणसाची उंची आणि वजन पाहून किती द्यायचं ते ठरतं. उंची काही बदलत नाही, म्हणून ती एकदाच घ्यायची. वजन मात्र दर खेपेला. म्हणजे माझ्यावरून! एक माणूस पेटीभर प्रमाणित वजनं घेऊन आला, त्यानं माझी कसून परीक्षा घेतली आणि ‘अगदी बरोबर’ म्हणून माझ्या कपाळावर गोल हिरवं लेबल चिकटवलं. त्या दिवशी माझी छाती फुगली होती, पण आकडा हलू दिला नाही.

इथं आल्यावर कळलं की जग उलटं झालंय. अकोल्यात माणसं हलकी व्हायला बघायची, इथं सगळ्यांना जड व्हायचं होतं. अर्धा किलो वाढला की बायको डोळे पुसायची, पाव किलो उतरला की अख्ख्या घराचा चेहरा पडायचा. मी आपला खरा आकडा सांगायचो आणि मनातल्या मनात माफी मागायचो.

मग आले नत्थुजी.

भातकुलीकडचे. सारी उमर बाजार समितीत मापारी होते. म्हणजे शेतकऱ्याचा माल आला की तो तोलणारा माणूस. तूर म्हणू नका, सोयाबीन म्हणू नका, हजारो पोती त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांची बायको गोदाबाई सोबत होती, हातात मोठी पिशवी. आमच्या अभ्यासाचं सगळं बघणारी प्रियदर्शनी, अकोल्याची पोरगी, फार चोख, ती म्हणाली, “बाबा, चप्पल काढून चढा.” नत्थुजींनी चप्पल काढली, पण चढले नाहीत. खाली वाकले, माझी पाटी निरखली आणि म्हणाले, “शून्यावर हाये ना?”

अहो, काय सांगू! इतकी वर्षं मला लोकांनी ढोसलं, शिव्या दिल्या, पण मी शून्यावर आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिथंच त्यांचा झालो.

“कोणत्याबी काट्याले पहिले शून्य इचारा लागते, पोरी,” ते प्रियदर्शनीला सांगत होते. “अन् पोत्याचं वजन वजा करा लागते. खाली पोतं, त्याले आमी बारदाना म्हणतो. बारदाना काढला का उरते तो खरा माल.” प्रियदर्शनी हसली. ते चढले, मी अठ्ठावन्न किलो दाखवले. खरा माल.

मॅडमनी त्यांना अभ्यासाची सगळी माहिती दिली, अगदी बैजवार. फायदा होईल न होईल, सांगता येत नाही. तोंड येईल, जुलाब होतील, अंगातल्या पांढऱ्या पेशी उतरतील, ताप आला तर धावत यायचं. तुम्हाला वाटेल तेव्हा बाहेर पडता येईल. आणि वजन फार उतरलं, तर औषधाचा पुन्हा विचार करावा लागेल. नत्थुजी प्रत्येक वाक्याला “हाव, हाव” म्हणत होते. पण डोक्यात राहिलं ते शेवटचंच.

दाराबाहेर, मला ऐकू येईल अशा बाकावर बसून त्यांनी गोदाबाईला समजावलं, “पाह्य, वजन उतरलं का नाव कटते. रेशनच्या यादीतून कटते का नाई, तसं. मंग औषध बंद, अन् मी बी बंद.”

“असं कसं नाव कापतीन जी? म्याडमले इचारा ना.”

“इचारलं तं त्यायच्या ध्यानात येते ना वं! तू गप बस.”

मी दाराच्या आतच होतो. ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा, नाव नाही कापत, औषध कमी करतात. पण माझ्या पाटीवर तेव्हा ‘०.०’ एवढंच होतं.

दुसऱ्या खेपेला दोन किलो उतरले. नत्थुजींनी आकडा बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचला, तेव्हा प्रियदर्शनीनं त्यांना पाणी दिलं. आणि तिसऱ्या खेपेला, मे महिन्यात, अमरावतीत बाहेर डांबर वितळत असताना, नत्थुजी आले ते लोकरीची शाल पांघरून!

“बाबा, शाल काढा ना.”

“थंडी वाजून राह्यली, पोरी.” आणि असे कुडकुडले की कोणालाही खरं वाटावं. या औषधांनी हुडहुडी भरतेही, म्हणून ती काही बोलली नाही. त्यांनी पाय ठेवला आणि मी दचकलो. बंडीच्या आतल्या खिशात अडकित्ता होता, पितळेचा तंबाखूचा डबा होता, कुलूप होतं आणि घरातला खलबत्त्यातला बत्ता होता. वर दोन तांबे पाणी पिऊन आले होते आणि लघवी दाबून धरली होती. अठ्ठावन्न भरले! प्रियदर्शनी खुश. पण पोरगी चोख ना! म्हणाली, “शालीचा बारदाना वजा करते हं बाबा,” आणि अर्धा किलो कमी धरला. नत्थुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांचीच विद्या त्यांच्याच गळ्यात.

पुढच्या खेपेला त्यांनी ते अर्धं भरून काढलं. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा त्यांनी जुनी लोखंडी वजनं घरी आणून ठेवली होती, आठवण म्हणून. आधी एक किलोचं आलं, मग दोनचं, आणि शेवटी पाचचं. गोदाबाई ती पिशवीत घालून आणायची आणि दवाखान्याच्या मोरीत जाऊन दुपट्ट्यानं त्यांच्या कंबरेला बांधायची. बांधताना रडायची, आणि बांधून झालं की पदरानं तोंड पुसून बाहेर यायची. सारी उमर ज्यानं लोकांच्या पोत्यातले गोटे शोधून काढले, त्याला वजन कुठं लपवायचं हे कोणी शिकवायला नको होतं.

आता गंमत बघा. गंमत कसली! खरं वजन उतरत होतं आणि मी वाढतं सांगत होतो. मी सांगतो त्यावरून औषध ठरत होतं. म्हणजे लोखंडालाही औषध! आणि ते जात होतं नत्थुजींच्या अंगात. औषध जास्त झालं म्हणून तोंड आलं, तोंड आलं म्हणून जेवण गेलं, जेवण गेलं म्हणून वजन उतरलं, वजन उतरलं म्हणून लोखंड वाढलं, आणि लोखंड वाढलं म्हणून पुन्हा औषध जास्त. भिंगरीच ती. ती थांबवणारं कोणी नव्हतं, कारण ती फिरतेय हेच कोणाला माहीत नव्हतं. एक मला सोडून.

मॅडम चक्रावल्या होत्या. “नत्थुजी, त्रास काय होतो?”

“काईच नाई, म्याडम. एकदम फस्क्लास.” तोंडात फोड, ओठ फाटलेले, पण फस्क्लास. आमच्याकडच्या माणसाची ही एक खोड आहे. डॉक्टर चांगली वागते ना, मग तिला वाईट काहून सांगा? तिचं मन मोडते.

मॅडमनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला, सूज आहे का. नव्हती. पोट ठोकून पाहिलं, पाणी झालंय का. नव्हतं. “माणूस वाळून चाललाय आणि वजन वाढतंय, हे कसं काय?” असं त्या स्वतःशीच पुटपुटत गेल्या. पोट पाहायच्या आधी नत्थुजी ‘जरा जाऊन येतो’ म्हणून मोरीत लोखंड उतरवून आले होते, हे वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात मुंबईहून शिवमसाहेब आले. ठिकठिकाणी जाऊन अभ्यास नीट चाललाय का, हे तपासणं त्यांचं काम. भला माणूस, शर्ट मात्र पोटावर ताणलेला. आधी ते फार खुश होते. “सगळीकडे पेशंटचं वजन उतरतंय, आणि तुमच्या एका म्हाताऱ्या पेशंटचं वाढतंय! तुम्ही खायला काय घालता?” मग त्यांच्या कपाळावर आठी आली. “एकाचंच कसं वाढेल? काटा तपासलाय का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अकोल्याचे दिवस आठवले मला.

प्रियदर्शनी म्हणाली, “मीच चढते, सर. माझं वजन मला पक्कं माहीत आहे.” चढली. मी सांगितलं ते बरोबर होतं, तिनं मान डोलावली. “आता मी बघतो,” म्हणत शिवमसाहेब चढले. “माझं सत्तर आहे. कित्येक वर्षांत हललेलं नाही.”

मी एकोणऐंशी दाखवले.

प्रियदर्शनीनं ओठ दाबून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. शिवमसाहेब उतरले, पुन्हा चढले. पुन्हा एकोणऐंशी. मी काय करू? माझ्याकडे दुसरं वाक्यच नाही.

“बघा!” साहेब गरजले. “नऊ किलो जास्त दाखवतोय! त्या म्हाताऱ्यांचंही असंच दाखवत असणार. हा काटा आत्ताच्या आत्ता बाजूला काढा. याचा एकही आकडा धरायचा नाही. भंगारात घाला याला!”

एका माणसानं माझी वायर काढली, दांडा धरला आणि मला फरफटत दारापर्यंत नेलं. पाटी विझली. म्हणजे आता ते एक वाक्यही गेलं. बाहेर बाकावर नत्थुजी बसले होते, शाल घट्ट लपेटून, डोळे खोल गेलेले. त्या दिवशी त्यांना औषध लागायचं होतं. गोदाबाईचा हात त्यांच्या पाठीवर होता.

“काटा कुठी नेता, भाऊ?” नत्थुजींनी विचारलं.

“भंगारात. खोटं वजन सांगते म्हणे.”

मला वाटलं, नत्थुजी सुटले बिचारे. आता सगळा दोष माझ्यावर, त्यांचं नाव कापलं जायची भीती गेली. गोदाबाईनंही त्यांचा हात दाबला, चूप राहा म्हणून. पण त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. बाजार समितीत व्यापारी काट्याला नावं ठेवायचे तेव्हा हा माणूस काट्याला हात लावून उभा राहायचा, असं गोदाबाईनंच एकदा प्रियदर्शनीला सांगितलं होतं.

ते उठले. भिंत धरत, झोके खात माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला.

“थांब रे भाऊ. साहेब! ओ साहेब! इकडे या. काटा खोटा नाई. माणूस खोटा हाये.”

सगळे बाहेर आले. नत्थुजींनी शाल काढून गोदाबाईकडे दिली. मग बंडीत हात घालून एकेक चीज दाराजवळच्या टेबलावर ठेवायला लागले. अडकित्ता. डबा. कुलूप. बत्ता. मग कंबरेचा दुपट्टा सोडला आणि लोखंडी वजनं, आधी एकाचं, मग दोनाचं, मग पाचाचं. पाचाचं ठेवताना टेबल करकरलं.

“हा माह्या बारदाना,” ते म्हणाले. “हा वजा करा अन् मंग काट्याले खोटं म्हना.”

आणि जरा दम घेऊन शिवमसाहेबांकडे वळले. “आता तुमच्या खिशात काय हाये ते तुमी पाहा, साहेब. तुमचं तं त्यानं बरोबरच सांगतलं असन.”

प्रियदर्शनीला आता हसू आवरेना, आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. मला परत आणून वायर जोडली. नत्थुजी वाकून पाटी पाहून चढले. मी पन्नास दाखवले. तेवढंच.

मॅडम पार पांढऱ्या पडल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “अहो, मेला असतात ना तुम्ही! तुमच्या अंगाला झेपणार नाही इतकं औषध मी स्वतः देत होते तुम्हाला! काहून केलं असं?” एरवी शुद्ध बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडून ‘काहून’ आलं, म्हणजे काय राग असेल बघा.

नत्थुजी माझ्यावरच उभे होते, मान खाली घालून. “मले अजून जगाचं हाये, म्याडम. वजन उतरलं का नाव कटते, औषध बंद होते. म्हणून केलं.”

“कोण कापणार होतं तुमचं नाव? वजन उतरलं तर मी डोस कमी केला असता, एवढंच. बरं वाटलं असतं तुम्हाला!”

“मी म्हणत नोती काय, म्याडमले इचारा म्हणून!” इतके महिने दाबून ठेवलेलं गोदाबाईचं रडं एकदम फुटलं, आणि रडता रडताच तिनं नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. काट्यावर असताना घातला, म्हणून मला तो मोजता आला. बऱ्यापैकी होता.

मॅडमनी खुर्ची ओढली, नत्थुजींना बसवलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा. तुमचा आकडा इथंच राहत नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या गावात पोटाचा आजार घेऊन कोणीतरी येईल. त्याला सांगतील, या औषधानं वजन उतरत नाही, उलट वाढतं. तुमच्या आकड्यावरून सांगतील.”

नत्थुजींनी टेबलावरच्या लोखंडाकडे बोट केलं. “म्हंजे म्या त्याच्या पोत्यात गोटे भरले,” ते म्हणाले. “लय वाईट झालं, म्याडम.”

त्या दिवशीचं औषध थांबलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. संध्याकाळी तापही चढला. नत्थुजींना भरती केलं, सलाइन लावलं. त्या दिवसांत माझ्यावर कोण कोण चढलं ते मला धड आठवत नाही. माझं ध्यान वॉर्डाच्या दाराकडे होतं. गोदाबाई येता-जाता माझ्याजवळ थांबायची. “तुह्या जीव वाचवाले उठला तो बुढा,” एकदा मला म्हणाली, “अन् त्याच्यानं त्याचाच वाचला तं बरं होईन, बाप्पा.”

वाचला. ताप उतरला, तोंड निवलं. गोदाबाई ज्वारीच्या कण्या ताकात कालवून भरवायला लागली. शिवमसाहेबांनी मुंबईला जे झालं ते जसंच्या तसं कळवलं, लोखंडासकट. वरच्या लोकांनी आणि देखरेख करणाऱ्या समितीनं विचार करून ठरवलं, की नत्थुजींचे लोखंडाचे आकडे धरायचे नाहीत, डोस कमी करायचा आणि त्यांची इच्छा असेल तर पुढे चालू ठेवायचं. नाव कटलं नाही. गाठ काही पळून गेलेली नाही. पण शेवटच्या तपासणीत ती वाढलेलीही नव्हती. नवं औषध चांगलं की कसं, ते अभ्यास पुरा झाल्यावर कळेल. मी त्यातलं काही सांगत नाही, माझा तो विषय नव्हे.

मला मात्र मान मिळाला. आता माझ्या शेजारी भिंतीवर प्रियदर्शनीनं मोठ्या अक्षरांत कागद लावलाय, ‘शाल, खिसे आणि कंबर रिकामी करून चढा. वजन उतरलं म्हणून कोणाचंही नाव कापलं जात नाही.’ शिवमसाहेब हल्ली आले की माझ्याकडे न पाहता बाजूनं जातात, जेवण झाल्यावर तर लांबूनच. लोकहो, मी तुमच्याकडे काही मागत नाही, पण एवढं मागतो: आकडा आवडला नाही तर लाथ मारू नका, आणि डॉक्टरनं ‘कसं काय’ विचारलं तर उगाच फस्क्लास सांगू नका.

परवा नवमी होती, हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. नत्थुजी औषधाला आले ते बंडीचे खिसे बाहेर उलटे काढूनच. गोदाबाईच्या पिशवीत या खेपेला लोखंड नव्हतं, झेंडूचा हार होता. तिनं माझ्या कपाळावरच्या हिरव्या लेबलाशेजारी हळदीकुंकू लावलं, हार माझ्या रबरावर गोल मांडला आणि हात जोडले. प्रियदर्शनी नको नको म्हणेपर्यंत पूजा झालीसुद्धा.

“चढा जी आता,” गोदाबाई म्हणाली.

नत्थुजींनी पाय उचलला, पाटीकडे पाहिलं आणि पाय तसाच मागे घेतला. पाटीवर ‘०.२’ होतं.

“गोदे, शून्यावर नाई हाये.”

गोदाबाईनं पाहिलं. मग घाईघाईनं वाकली आणि सगळा हार, एकही पाकळी न ठेवता, उचलून पदरात घेतला.

“थांबा, थांबा! बारदाना काढू द्या,” ती म्हणाली. “आता उभे राहा. आता जे येईन ते तुमचं.”

नत्थुजी उभे राहिले, आणि मी माझं एकच वाक्य बोललो. बावन्न.